सगळ्या ओळींपुढे ‘बदल झाला’: तुलनात्मक राजकारणातल्या एका डेझर्टेशनचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एमए राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीच्या डेझर्टेशनचं आहे, स्पेशलायझेशन तुलनात्मक राजकारण. मी तिची गाईड होते. तिची परवानगी घेऊन लिहितेय, नाव मुद्दाम देत नाहीये. लिहायचं कारण एवढंच की जी अडचण तिला आली तीच मला बहुतेक सगळ्या डेझर्टेशनमध्ये दिसते, आणि ती अडचण मेहनतीची किंवा वाचनाची नसते, केस निवडण्याची असते. मुलं वर्षभर वाचतात, नोट्सची थप्पी लागते, आणि तरी उत्तर चुकतं, कारण कुठले देश घ्यायचे हे ठरवलं तेव्हाच उत्तर ठरून गेलेलं असतं.

तिचा पहिला सिनॉप्सिस असा होता: न्यूझीलंड, इटली आणि जपान या तीन देशांनी 1990 च्या दशकात निवडणूक पद्धत बदलली, ती का बदलली. प्रश्न चांगला आहे, अगदी मनापासून सांगते. कारण ज्या नियमांवर आपण निवडून आलो तेच नियम सत्तेतल्या लोकांनी बदलावेत ही गोष्ट फार क्वचित होते, आणि इथे तर एकाच सुमाराला तीन देशांत झाली. इटलीत 1992 पासून लाचखोरीची चौकशी सुरू झाली, जुने पक्ष कोसळायला लागले, एप्रिल 1993 च्या सार्वमतात 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी सिनेटच्या निवडणूक कायद्यातल्या बदलाला हो म्हटलं आणि त्याच वर्षी नवा मिश्र कायदा आला. जपानमध्ये 1988 चं रिक्रूट प्रकरण, मग सागावा प्रकरण, दोन्ही कंपन्यांनी नेत्यांना पैसे चारल्याची, 1993 ला लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाची सत्ता गेली आणि होसोकावा सरकारच्या काळात 1994 ला नवा कायदा झाला, 300 जागा एकसदस्यीय मतदारसंघांतून आणि 200 जागा प्रमाणशीर यादीतून, म्हणजे पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात. न्यूझीलंडने 1993 ला सार्वमत घेऊन एमएमपी म्हणजे मिश्र प्रमाणशीर पद्धत स्वीकारली, जिच्यात मतदार एक मत मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाला देतो आणि पक्षाच्या एकूण जागा पक्षमतांच्या प्रमाणात ठरतात.

तिने या तिघांचा एक तक्ता करून आणला होता, आडव्या ओळीत देश आणि उभ्या रकान्यांत कारणं. लोकांची नाराजी, तिघांपुढे हो. जुन्या पक्षांवरचा विश्वास उडालेला, तिघांपुढे हो. आर्थिक ताण, तिघांपुढे हो, जपानपुढे कंसात ‘बुडबुडा फुटल्यानंतर’ असं लिहिलेलं. शेवटचा रकाना होता परिणामाचा, तिथे तिन्ही ओळींपुढे ‘बदल झाला’. आणि खाली निष्कर्ष लिहून तयार, की लोकांची नाराजी एका पातळीच्या वर गेली की निवडणूक पद्धत बदलते.

मी तिला फक्त शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, यात एक तरी ‘बदल झाला नाही’ दाखव. ती म्हणाली, मॅडम पण विषयच बदलांचा आहे ना, जिथे बदल झाला नाही तो देश घेऊन मी काय लिहू?

हाच तो मुद्दा आहे जिथे तुलनात्मक राजकारण शिकणारी बहुतेक मुलं अडकतात, म्हणून इथे थोडं थांबते. जिथे घटना घडली असेच देश घेतले तर त्या सगळ्यांत जे जे समान सापडेल ते ते कारण वाटायला लागतं. नाराजी तर कुठे नसते? तिन्ही देशांत नाराजी होती हे खरंच आहे, पण नाराजी असूनही पद्धत बदलली नाही असे दहा देश बाहेर बसलेले असतील तर नाराजीने काहीच सिद्ध होत नाही. आजारी पडलेल्या सगळ्यांनी पाणी प्यायलं होतं म्हणून पाण्याने आजार झाला असं म्हणण्यासारखं आहे ते. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1843 मध्येच कारण शोधण्याच्या दोन वेगळ्या रीती मांडून ठेवल्यात, एक साम्याची (घटना घडली तिथे तिथे समान काय) आणि एक भेदाची (घडली आणि घडली नाही यांत फरक काय), आणि साम्याची रीत एकटी वापरली तर किती कमकुवत असते हेही त्याला माहीत होतं (किंबहुना समाजाच्या प्रश्नांना या रीती नीट लागू पडतील याबद्दलच त्याला शंका होती, हे आपल्याकडे शिकवताना हमखास गाळलं जातं आणि ते गाळू नये). 1990 मध्ये राज्यशास्त्रज्ञ बार्बरा गेडेस यांनी हेच जास्त काटेकोरपणे दाखवलं, की परिणाम बघून केसेस निवडल्या की उत्तर त्याच बाजूला झुकतं.

तिला हे लेक्चरमध्ये शिकवलं होतं. परीक्षेत तिने ‘सिलेक्शन बायस’वर, म्हणजे निवडीतल्या याच दोषावर, टीपही लिहिली होती, चांगली लिहिली होती. पण टीप लिहिणं आणि स्वतःच्या तक्त्यात तो ओळखणं यात खूप अंतर असतं आणि हे अंतर डेझर्टेशन करतानाच कापलं जातं, दुसरा काही मार्ग मला तरी दिसलेला नाही.

मग शोध सुरू झाला नकारात्मक केसचा, म्हणजे जिथे बदल होण्याची सगळी लक्षणं होती आणि तरी झाला नाही. नुसतं ‘झाला नाही’ पुरत नाही, होण्याची खरोखर शक्यता असायला हवी, नाहीतर जिथे निवडणुकाच होत नाहीत असा देशही केस म्हणून घेता येईल आणि त्यातून शिकायला काहीच मिळणार नाही. तिने आधी ब्रिटन आणलं. वाईट नव्हतं. 1951 ला लेबरला जास्त मतं आणि सत्ता काँझर्व्हेटिव्हांना, फेब्रुवारी 1974 ला नेमकं उलटं, 1983 ला तिसऱ्या आघाडीला 25 टक्के मतं आणि 650 पैकी 23 जागा. 1997 ला लेबरने सार्वमताचं वचन दिलं, 1998 ला निवडणूक पद्धतीवर नेमलेल्या जेन्किन्स आयोगाचा अहवाल आला आणि सार्वमत काही झालं नाही. शेवटी 2011 ला झालं ते वेगळ्याच पद्धतीवर, पसंतीक्रमाच्या मतदानावर, आणि 67.9 टक्के लोकांनी नाही म्हटलं. पण ती पद्धत प्रमाणशीर नव्हतीच, त्यामुळे न्यूझीलंडशी थेट जुळवणं अवघड जात होतं.

मग वाचता वाचता तिला कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत सापडला, आणि तिथून पुढे या डेझर्टेशनचा नूरच पालटला. इटली आणि जपान आम्ही काढून टाकले. दोन प्रकरणं लिहून झालेली होती, ती गेली, तिला ते जड गेलं, पण काढली.

दोन्ही केसेस जरा तपशिलात सांगते, कारण खरी मजा तपशिलातच आहे.

न्यूझीलंडमध्ये फर्स्ट पास्ट द पोस्ट होतं, म्हणजे मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला. 1951 पासून वरिष्ठ सभागृहही नाही, म्हणजे ज्याच्याकडे साधं बहुमत त्याच्या हातात सगळं. 1978 ला लेबरला 40.4 टक्के मतं, नॅशनलला 39.8, आणि 92 पैकी 51 जागा नॅशनलला. 1981 ला परत तेच, लेबर 39.0, नॅशनल 38.8, जागा नॅशनलला 47 आणि लेबरला 43. त्याच निवडणुकीत सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्या पक्षाला 20.7 टक्के मतं मिळाली आणि जागा किती, तर 2. तिला मी गॅलाघर निर्देशांक, म्हणजे मतं आणि जागा यांच्यातली तफावत मोजणारा आकडा, हाताने काढायला लावला, प्रत्येक पक्षाच्या मतांचा आणि जागांचा टक्क्यांतला फरक, त्याचे वर्ग, बेरीज, निम्मं, आणि वर्गमूळ. 1981 साठी उत्तर 16.6 च्या आसपास येतं आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा सोशल क्रेडिटच्या 18.5 टक्क्यांच्या तुटीचा. सॉफ्टवेअरने काढला असता तर आकडा मिळाला असता पण अन्याय नेमका कुणावर झाला ते दिसलं नसतं, म्हणून हाताने.

1984 ला लेबर सत्तेत आली, निवडणूक पद्धतीवर शाही आयोग नेमला, 1986 च्या डिसेंबरमध्ये आयोगाने एमएमपीची शिफारस केली. मग 1987 च्या प्रचारात पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांनी टीव्हीवरच्या वादविवादात सार्वमत घेऊ असं म्हणून टाकलं, ते टिपणं वाचताना अनवधानाने बोलले असं नंतर सर्रास सांगितलं गेलं. लेबरने सार्वमत घेतलं नाही. मग नॅशनलने 1990 ला तोच मुद्दा उचलला, बघा यांनी शब्द मोडला, आम्ही घेऊ. आणि नॅशनल जिंकली, 97 पैकी 67 जागा, मतं 47.8 टक्के. आता शब्द यांच्या गळ्यात. दरम्यान लेबरने बाजारवादी सुधारणा जाहीरनाम्यात न सांगता राबवल्या होत्या आणि नॅशनलने आल्यावर त्याच पुढे रेटल्या, 1991 मध्ये कल्याणकारी भत्ते कापले. म्हणजे मतदारांचा राग एका पक्षावर नव्हता, आलटून पालटून दोघांवर होता, आणि राग काढायला तिसरी जागा ही पद्धतच देत नव्हती.

सप्टेंबर 1992 च्या पहिल्या सार्वमतात 84.7 टक्के लोक म्हणाले बदला, आणि चार पर्यायांतून 70.5 टक्क्यांनी एमएमपी निवडली. ते बंधनकारक नव्हतं, मतदानही जेमतेम 55 टक्के. नोव्हेंबर 1993 ला निवडणुकीच्याच दिवशी बंधनकारक सार्वमत झालं, मतदान 85 टक्क्यांच्या आसपास, आणि एमएमपीला मिळाली 53.9 टक्के. पद्धत बदलली. ऑक्टोबर 1996 ला पहिली एमएमपी निवडणूक झाली.

आता ब्रिटिश कोलंबिया. तिथेही फर्स्ट पास्ट द पोस्ट, तिथेही एकच सभागृह, तीच वेस्टमिन्स्टर म्हणजे ब्रिटिश संसदेच्या धर्तीची परंपरा. 1996 ला लिबरल पक्षाला जवळपास 42 टक्के मतं आणि एनडीपीला (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) साडेएकोणचाळीस, आणि 75 पैकी 39 जागा घेऊन एनडीपी सत्तेत. म्हणजे न्यूझीलंडच्या 1978 आणि 1981 सारखंच. हरलेले नेते गॉर्डन कॅम्पबेल यांनी पद्धतीचा प्रश्न लोकांपुढे नेण्याचं वचन दिलं. 2001 ला ते जिंकले, 79 पैकी 77 जागा, मतं 57.6 टक्के. गॅलाघर निर्देशांक काढला तर तिशीच्या वर जातो. कॅम्पबेल यांनी शब्द पाळला हे इथे आवर्जून लिहायला हवं, 2004 ला नागरिक सभा बसली, प्रत्येक मतदारसंघातून चिठ्ठीने काढलेली एक बाई आणि एक पुरुष, शिवाय मूलनिवासी समाजाचे दोन सदस्य, असे 160 साधे नागरिक आणि एक अध्यक्ष. वर्षभर शिकून, सुनावण्या घेऊन त्यांनी 146 विरुद्ध 7 मतांनी एकल संक्रमणीय मतपद्धतीची शिफारस केली, म्हणजे एका मतदारसंघातून अनेक जण निवडायचे आणि मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा अशी प्रमाणशीर पद्धत. मे 2005 ला सार्वमत झालं आणि 57.7 टक्के लोकांनी हो म्हटलं, 79 पैकी 77 मतदारसंघांत होला बहुमत. पद्धत बदलली नाही. कारण अट होती 60 टक्क्यांची.

ती हे दोन आकडे एका पानावर लिहून घेऊन आली, वर 53.9, खाली 57.7, वरच्यापुढे ‘बदल झाला’ आणि खालच्यापुढे ‘नाही’. पहिल्या सिनॉप्सिसमधला निष्कर्ष या एका पानाने निकालात निघाला. लोकांची इच्छा जिथे जास्त टक्क्यांनी नोंदली गेली तिथे बदल झाला नाही.

इथे बरीच मुलं थांबतात. उत्तर मिळालं, अट वेगळी होती, संपलं. मला हे उत्तर फार उथळ वाटतं आणि मी तिला तसं सांगितलं. अट हे कारण आहेच पण ते शेवटच्या क्षणाचं कारण आहे, त्याच्या मागे जायला हवं. एका ठिकाणी साधं बहुमत आणि दुसरीकडे 60 टक्के, हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, आणि त्यांना तसं ठरवणं का शक्य झालं? म्हणजे आता काम तुलनेचं राहिलं नाही, प्रोसेस ट्रेसिंगचं झालं, एकेक पायरी मागे जात कागद शोधायचे.

आणि इथे तिने जे शोधलं ते माझ्या मते या डेझर्टेशनचा सगळ्यात भक्कम भाग आहे. न्यूझीलंडच्या 1956 च्या निवडणूक कायद्यातच अशी सोय होती की निवडणुकीसंबंधीची काही मूलभूत कलमं बदलायची तर संसदेतल्या 75 टक्के सदस्यांची संमती हवी, किंवा सार्वमतात साधं बहुमत हवं. म्हणजे सार्वमत झालं तर साधं बहुमत पुरे हा पायंडा 1993 च्या खूप आधीपासून कायद्यात होता, दोन्ही पक्षांनी मिळून घातलेला. 1993 ला कुणाला अट वाढवावीशी वाटली असती तर स्वतःच्याच जुन्या नियमाविरुद्ध जावं लागलं असतं, तेही दोन्ही पक्षांनी आळीपाळीने सार्वमताचा शब्द दिलेला असताना, असा तिचा युक्तिवाद. ब्रिटिश कोलंबियात असा आधीचा नियम आड येत नव्हता. अट त्या वेळच्या सरकारने ठरवली, 60 टक्के मतं आणि शिवाय 60 टक्के मतदारसंघांत बहुमत, आणि ज्या विधानसभेने ती मान्य केली तिथे एकाच पक्षाचे 79 पैकी 77 सदस्य निवडून आलेले होते. म्हणजे ज्या पद्धतीच्या विकृतीमुळे सार्वमत घ्यावं लागलं त्याच विकृतीने सरकारला अट हवी तशी घालण्याची मोकळीक दिली. हे वाक्य तिचं आहे, माझं नाही, आणि ते वाचून मला खरंच आनंद झाला होता.

एवढं सगळं छान जुळल्यावर 2009 आडवं आलं. ब्रिटिश कोलंबियात त्याच पद्धतीवर परत सार्वमत झालं, अट तीच 60 टक्क्यांची, आणि या वेळी होला मिळाले फक्त 39 टक्के. म्हणजे साधं बहुमत असतं तरी हरलं असतं. तिने विचारलं, मॅडम हे घालू का नको, सगळं बिघडतंय. मी म्हटलं, अगं हे तर आधी घाल. जो पुरावा आपल्या म्हणण्याला अडतो तो वाचकाने शोधून आणण्याआधी आपण मांडायचा. त्यातून तिचा दावा जास्त नेमका झाला. अट सगळीकडे आणि कायम निर्णायक असते असं तिला म्हणताच येत नाही, तिचं म्हणणं एवढंच उरतं की बदलाची संधी थोड्या काळासाठी उघडते आणि त्या वेळी अट कोणती आहे यावर ती संधी वाया जाते की नाही हे ठरतं. 2005 च्या निवडणुकीत विरोधकांना 33 जागा मिळाल्या, 77 विरुद्ध 2 चं दृश्य पुसलं गेलं, 2009 पर्यंत रागाचं कारणच विझलेलं होतं. न्यूझीलंडमध्येही चौदा महिन्यांत 84.7 वरून 53.9 वर घसरण झालीच होती ना, आणखी चार वर्षं मध्ये गेली असती तर काय झालं असतं. 2018 ला प्रांतात तिसऱ्यांदा सार्वमत झालं, टपालाने, 61 टक्क्यांहून जास्त लोकांनी जुनीच पद्धत ठेवली, ते तिने एका परिच्छेदात घेतलं आणि तेवढं पुरे होतं.

आक्षेप अजून आहेत आणि ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलेत तिने. देश आणि प्रांत यांची तुलना चालते का? माझ्या मते या प्रश्नापुरती चालते, कारण प्रांताच्या निवडणूक पद्धतीचा निर्णय प्रांतच घेतो, पण प्रांतातल्या लोकांकडे राग काढायला संघराज्याची वेगळी निवडणूकही असते, न्यूझीलंडच्या मतदाराकडे ती नव्हती. दोन्हीकडे सुचवलेली पद्धतही वेगळी, एमएमपी समजवायला सोपी, एकल संक्रमणीय मताची मोजणी समजवताना शिक्षकाचीही दमछाक होते. मधे बारा वर्षांचं अंतर आहे. राज्यशास्त्रज्ञ लाइपहार्टने 1971 मध्ये म्हटलेली अडचण हीच, चलं (म्हणजे बदलणारे घटक) खूप आणि केसेस थोड्या, आणि ती दोन केसेसच्या अभ्यासातून पूर्ण कधीच जात नाही. जास्तीत जास्त सारख्या केसेस घेऊन ती कमी करायची एवढंच हातात असतं.

लिहिण्याबद्दल थोडंच सांगते. ‘प्रकरण दोन न्यूझीलंड, प्रकरण तीन कॅनडा, प्रकरण चार तुलना’ अशी रचना मी तिला करू दिली नाही, कारण त्यात तुलना शेवटी दहा पानांत उरकली जाते. तिची प्रकरणं टप्प्यांवर आहेत: विकृत निकाल, वचन, अट, मतदान. प्रत्येक टप्प्यात दोन्ही ठिकाणं शेजारी शेजारी. लिहायला त्रास होतो, वाचायला फार सोपं जातं.

व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अचूक प्रश्न विचारला. न्यूझीलंडला 60 टक्क्यांची अट असती तर पद्धत बदलली नसती आणि ब्रिटिश कोलंबियात साधं बहुमत असतं तर बदलली असती, असं तुम्ही म्हणताय का? ती म्हणाली, सर, पहिलं अर्धं मी म्हणेन, दुसरं तितक्या खात्रीने नाही म्हणणार. अट 60 ची आहे म्हटल्यावर विरोधकांना फार जोर लावायची गरजच पडत नाही. अट साधी असती तर त्यांनी न्यूझीलंडमधल्या विरोधकांसारखा पैसा ओतून प्रचार केला असता आणि मग 57.7 हा आकडा 57.7 राहिला असता असं धरून चालता येत नाही. परीक्षकांनी पुढचं विचारलं, मग कॅनडातलाच ऑन्टारिओ प्रांत का नाही घेतला, तिथेही 60 टक्क्यांचीच अट होती की. तिने सांगितलं की 2007 ला तिथे होला 37 टक्केही मिळाले नाहीत, त्यामुळे तिथे अटीने काही ठरवलंच नाही, आणि त्याच्या लगेच आधीच्या निवडणुकांत जास्त मतं मिळवून हरलेला पक्षही नव्हता, त्यामुळे तिच्या चार टप्प्यांपैकी पहिलाच टप्पा तिथे बसत नव्हता. मग त्यांनी हे उत्तर डेझर्टेशनमध्येही असायला हवं होतं असं सांगितलं, आणि तिने ते अंतिम प्रतीत केस निवडीच्या भागात दीड पान वाढवून घातलं.